आधी पाण्याची वाट पाहा

प्रति,
संपादक महोदय,

विषय : जुन्या घरांच्या लाकडी खिडक्यांची दुरुस्ती आणि बदल

स. न. वि. वि.

पाडवा उलटला की आमच्या नारायण पेठेत दरवर्षी एक दृश्य ठरलेले असते. पावसाआधी काम उरकायचे म्हणून कोणत्या तरी वाड्याच्या दारात उतरवलेल्या लाकडी खिडक्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या दिसतात आणि समोर उभ्या असलेल्या टेम्पोतून ॲल्युमिनियमच्या किंवा यूपीव्हीसीच्या सरकत्या खिडक्या उतरत असतात. या वर्षी अशा तीन ठिकाणी मी थांबलो आणि उतरवलेल्या झडपा हाताने चाचपून पाहिल्या. तिन्ही ठिकाणी लाकूड गेले होते ते खालच्या वीतभर उंचीत. त्याच्या वरचे सागवान खणखणीत होते, नखाने ओरखडाही उठत नव्हता. मालकांना विचारले तर तिघांचे उत्तर एकच होते : "अहो, सगळी सडली होती."

या पत्राचे कारण एवढेच की जुन्या घराची खिडकी बहुधा लाकूड वाईट म्हणून जात नाही, तर तिच्यावर आलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरलेली नसते म्हणून जाते. ही वाट न शोधता बसवलेली नवी खिडकी, मग ती कितीही महागड्या सागवानाची असो, त्याच कोपऱ्यात पुन्हा कुजते. मी अभियंता नाही, आयुष्यभर हिशेब तपासण्याची नोकरी केली. परंतु ही गोष्ट मी स्वतःचे पैसे घालवून शिकलो असल्यामुळे ती सांगण्याचा थोडा अधिकार मला आहे असे मानतो.

आमचे घर दगडी जोत्यावर उभे आहे, तळमजल्याच्या भिंती भेंड्यांच्या, म्हणजे मातीच्या कच्च्या विटांच्या, आणि वर माडी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून नदीचे पाणी पेठांत शिरले, तेव्हा तळमजल्याच्या दोन मातीच्या भिंती बसल्या. चौकटी मात्र गाळात उभ्या राहिल्या, आणि त्यांपैकी चार आजही वापरात आहेत. त्या दुरुस्तीपासून माझ्या वडिलांनी एक वही ठेवली. कोणत्या दाराला वा खिडकीला कधी हात लावला, लाकूड किती घनफूट लागले, मजुरी काय दिली, सगळे तीत आहे. पुढे ती वही मी चालवली. निवृत्तीनंतर त्या साठ वर्षांच्या नोंदी एका बैठकीत वाचल्या, तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की पूर्वेच्या खिडक्यांचा उल्लेख अगदी क्वचित येतो आणि माडीवरच्या पश्चिमेच्या चार खिडक्या पुन्हा पुन्हा येतात. लाकूड तेच, सुतार तेच, रंगाचा डबाही तोच. फरक फक्त झडीचा. पुण्याचा सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस कोकणाच्या मानाने किरकोळ खरा, पण तो पश्चिमेच्या वाऱ्यावर स्वार होऊन येतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये दिवसदिवस रिपरिपत राहतो. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण साधारण वीस टक्क्यांच्या वर गेले आणि तसेच राहिले की कुजवणारी बुरशी धरते. एकदा भिजून वाळलेले लाकूड शंभर वर्षे टिकते. जे वाळतच नाही ते चार वर्षांत जाते.

आता माझी चूक सांगतो. सहा वर्षांपूर्वी त्या चारपैकी दोन खिडक्या मी सरसकट बदलून घेतल्या. ठेकेदाराचे नाव लिहिण्याचे कारण नाही, त्याने सगळे शहर करते तसेच केले. नवे सागवान, पितळी बिजागऱ्या, मेलामाइनचे चकचकीत पॉलिश, खाली काळ्या ग्रॅनाइटची पट्टी आणि चौकटीच्या चारही बाजूंनी सिमेंटचा घट्ट गिलावा. देखणे काम होते. तिसऱ्या पावसाळ्यात चौकटीच्या दोन्ही पायांशी काळपट डाग आले, चौथ्या पावसाळ्यात तिथे बोट दाबले तर लाकूड ओल्या पावासारखे आत गेले. हात न लावलेली शेजारची जुनी खिडकी मात्र जशीच्या तशी उभी होती.

शेवटी कसब्यातल्या एका वयस्कर मिस्त्रींना बोलावले. आल्या आल्या त्यांनी मोजपट्टी काढली नाही, तांब्याभर पाणी मागितले. मला वाटले, जिना चढून आले आहेत, तहान लागली असेल. त्यांनी झडप उघडली, हात बाहेर काढला आणि ते पाणी ग्रॅनाइटच्या पट्टीवर हळूहळू ओतले. आम्ही दोघे वाकून पाहत राहिलो. पाणी रस्त्याकडे जाण्याऐवजी चौकटीकडे सरकले, लाकूड आणि सिमेंट यांच्यामधल्या केसाएवढ्या चिरेपाशी क्षणभर फुगून थांबले आणि नाहीसे झाले. "गेलं बघा," मिस्त्री म्हणाले, "आता दिवाळीपर्यंत आतच मुक्काम." मग उरलेले पाणी त्यांनी शेजारच्या जुन्या खिडकीखालच्या शहाबादी फरशीवर ओतले. ती फरशी बाहेरच्या बाजूला चांगली उतरती होती, भिंतीच्या पुढे दोन बोटे आली होती आणि त्या पुढे आलेल्या कडेच्या पोटात करंगळी फिरेल अशी एक खाच होती. पाणी उतारावरून आले, कडेवरून खाली वळले, खाचेपाशी अडले आणि थेंब थेंब होऊन सुटे खाली पडले. भिंतीला त्याचा स्पर्शही झाला नाही. त्या खाचेकडे मी साठ वर्षांत कधी पाहिले नव्हते.

चौकट काढल्यावर उरलेल्या दोन चुकाही उघड झाल्या. पहिली सिमेंटची. माती आणि चुन्याची भिंत ओल शोषते आणि ऊन पडले की सोडते, तिचे सगळे शहाणपण या श्वासात आहे. तिच्यावर आणि लाकडाच्या कडेने सिमेंट थापले की आत शिरलेले पाणी परत फिरू शकत नाही. शिवाय लाकूड ऋतूप्रमाणे थोडे फुगते आणि आखडते, सिमेंट हलत नाही, म्हणून दोहोंमध्ये चीर ही पडणारच. आणि ती चीर म्हणजे पाण्याला आत येण्याची सोय आणि बाहेर जाण्याची बंदी. दुसरी चूक लाकडाची, आणि ती फसवणूक म्हणावी की निष्काळजीपणा, हे मला अजून ठरवता आलेले नाही. चौकटीच्या भिंतीकडच्या, म्हणजे कोणाला न दिसणाऱ्या बाजूला दीड बोट रुंदीचा फिकट पट्टा होता. सागाच्या तपकिरी गाभ्यात जी नैसर्गिक द्रव्ये असतात त्यांच्यामुळे वाळवी आणि बुरशी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. सालीकडच्या पांढुरक्या लाकडात ती जवळपास नसतात, म्हणून ते लाकूड सागाचे असले तरी कोणत्याही हलक्या लाकडासारखेच सडते. सागवानाचे पैसे मी दिले होते, आणि ओल्या भिंतीला टेकवले होते ते नेमके सागाचे सर्वात कमकुवत अंग.

म्हणून माझी पहिली विनंती ही की खिडकी उतरवण्याआधी ती खरोखर किती सडली आहे ते पाहा. त्यासाठी एक पेचकस पुरतो. चौकटीचे दोन्ही पाय, खालचे आडवे लाकूड, झडपेची खालची पट्टी आणि बिजागरीच्या स्क्रूंच्या आसपासचा भाग टोचून पाहावा. रंगाच्या थराखाली लाकूड पोकळ असेल तर टोक सहज आत जाते, निरोगी असेल तर तिथेच थांबते. सडका भाग हातभराच्या आत असेल तर तेवढाच कापून त्याच जातीच्या जुन्या, वाळलेल्या लाकडाचा तुकडा जोडता येतो. मात्र हा जोड सरळ आडवा कापून चालत नाही. काप तिरका घ्यावा, त्याची लांबी लाकडाच्या जाडीच्या निदान तिप्पट असावी आणि उतार बाहेरच्या बाजूला असावा, म्हणजे जोडात शिरू पाहणारे पाणी खाली व बाहेर जाते. नव्या तुकड्याचे रेषे जुन्याच्या रेषांच्या दिशेनेच हवेत, नाहीतर दोन्ही वेगवेगळ्या दिशांना फुगतात आणि जोड उकलतो. सागाच्या अंगचे तेल डिंकाला चिकटू देत नाही, म्हणून रंधा मारल्याबरोबर, लाकूड ताजे असतानाच, पृष्ठभाग थिनरने पुसून इपॉक्सी लावावे. वरून लाकडी खुंट्या किंवा पितळी स्क्रू. लोखंडी खिळा नको, कारण तो गंजून फुगतो आणि ज्याला धरून ठेवायचे त्यालाच फाडतो. आमच्या मिस्त्रींनी तिसऱ्या खिडकीचे दोन्ही पाय असे जोडून दिले. दोन दिवसांचे काम होते आणि खर्च नव्या खिडकीच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही आत बसला.

जुन्या खिडक्यांत आणखी एक जागा हमखास दगा देते आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही : गजांचे पाय. उभे लोखंडी गज खालच्या आडव्या लाकडात भोके पाडून बसवलेले असतात. गजावरून ओघळलेले पाणी त्या भोकात साचते, लोखंड गंजते, गंजलेले लोखंड मूळच्यापेक्षा जास्त जागा घेते आणि लाकूड रेषेत फाटते. दर दोन वर्षांनी प्रत्येक गजाच्या पायाशी गंज खरवडून, रेड ऑक्साइड लावून, लांबीचा, म्हणजे काचा बसवायच्या पुट्टीचा, छोटा उतरता कठडा करून द्यावा. आमच्या एका खिडकीला नऊ गज आहेत, सगळ्यांना मिळून सकाळचे दोन तास लागतात.

आता खरोखरच नवी खिडकी करावी लागणार असेल तर लाकडाचा प्रश्न येतो, आणि भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये गेल्यावर तो वाटतो त्याहून अवघड होतो, कारण तिथे "सागवान" हा एक शब्द अनेक मालांना चिकटलेला असतो. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला, बल्लारशाच्या आगारातून येणारा साग वेगळा, आणि आफ्रिकेतल्या वा दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीतून कमी वयात तोडलेला साग वेगळा. दुसरा वाईट असतोच असे नाही, परंतु झाड जितके तरुण तितका त्यात पांढरा भाग जास्त आणि गाभा कमी, एवढे ध्यानात ठेवून प्रत्येक नग चारही बाजूंनी फिरवून पाहावा. विक्रेत्याच्या भाषेवर जाऊ नये, टोकाकडचे वर्तुळ पाहावे. लाकडातला ओलावा बारा टक्क्यांच्या आसपास असावा. तो मोजायचे छोटे यंत्र आता बऱ्याच वखारींत असते आणि मागितले तर दाखवतात. ज्यांना मानकाचा आधार हवा त्यांच्यासाठी चौकटींकरिता भारतीय मानक ४०२१ आणि खिडक्यांच्या झडपांकरिता १००३ चा दुसरा भाग आहे. ठेकेदाराशी करार करताना हे दोन आकडे नुसते लिहिले तरी समोरचा माणूस थोडा सावरून बसतो.

माझी स्वतःची पसंती पाडलेल्या वाड्यांतून निघालेल्या जुन्या सागवानाला आहे. ते शंभर-दीडशे वर्षे वाळलेले असते, त्याला जे वाकायचे पिळायचे ते वाकून पिळून झालेले असते आणि सालीकडचा भाग असलाच तर तो केव्हाच कीड खाऊन गेलेला असतो. त्यात लपलेल्या खिळ्यांमुळे करवत गिरणीवाले कुरकुरतात, पट्टा तुटला तर भरपाई मागतात. तो त्रास सोसावा. चौकटीसाठी सागवान परवडत नसेल तर बाजारात मलेशियन साल या नावाने मिळणारे लाकूड बरेच जण वापरतात. माझ्या मते पश्चिमेची खिडकी सोडून इतरत्र ते चालण्यासारखे आहे, पश्चिमेला मात्र हात आखडू नये.

सांधा हा नुसता डिंकाचा वा खिळ्याचा नसावा. झडपेच्या आडव्या पट्टीचे कुसू, म्हणजे टोकाला कोरलेली जीभ, उभ्या लाकडातल्या खाचेत पूर्ण आरपार जाऊन वर पाचर मारलेली असावी. तयार मिळणाऱ्या स्वस्त झडपांत हे नसते आणि पहिल्या उन्हाळ्यातच कोपरा खाली लोंबतो. काचेसाठी आमचे मिस्त्री आजही चॉक पावडर आणि बेलतेल (उकळलेले जवसाचे तेल) मळून लांबी करतात. सिलिकॉन वाईट नाही, पण त्याच्यावर रंग धरत नाही आणि जिथे ते सुटते तिथे आतल्या बाजूने पाणी धरून ठेवते. जुन्या काचा शक्य तितक्या जपाव्यात, हा माझा थोडा हळवेपणा आहे. आज सगळीकडे मिळणारी सपाट फ्लोट काच इंग्लंडमध्ये १९५० च्या दशकात विकसित झाली. त्याआधीच्या काचेला किंचित लाट असते, आणि आमच्या माडीवरून त्या काचेतून पाहिले की समोरच्या घराची कौले पाण्यात हलल्यासारखी दिसतात. नातवंडे हा खेळ अजून खेळतात.

बसवण्याबद्दल लिहिताना माझा हात जरा थबकतो, कारण हे काम वाचून करण्यासारखे नाही. तरी मालकाला काय विचारायचे ते ठाऊक असावे. जुन्या वाड्यांत चौकट आधी उभी करून तिच्याभोवती भिंत रचलेली असते. वरच्या व खालच्या आडव्या लाकडांची टोके दोन्हीकडे भिंतीत शिरलेली असतात. ती पहारीने उचकटली की कोपऱ्यातली माती घसरते, म्हणून वरच्या लाकडाला आधी टेकू द्यावा आणि टोके करवतीने कापून चौकट सोडवावी. मोकळी झालेली जागा कधीच काटकोनात नसते. रुंदी वर, मध्ये आणि खाली, उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे आणि दोन्ही कर्ण मोजावेत. सर्वात लहान मापातून चारही बाजूंना पाच-सात मिलिमीटर सोडून चौकट करावी. भिंत वाकडी आहे म्हणून चौकट वाकडी बसवू नये, चौकट ओळंब्यात बसवून वाकडेपणा चुन्याने झाकावा. भिंतीकडच्या बाजूला आणि विशेषतः कापलेल्या टोकांना, जिथून लाकूड नळीसारखे पाणी ओढते, बसवण्यापूर्वीच गरम बेलतेल पाजून वर डांबर किंवा प्रायमर द्यावा. बसवल्यानंतर तिथे ब्रश पोचत नाही. मोकळ्या फटीत तागाची सुतळी ठोकून वर चुन्याचा गिलावा. खालची फरशी चौकटीच्या लाकडाखाली आत गेलेली, बाहेर उतरती आणि पोटात खाच असलेली. मग तांब्याभर पाणी ओतून पाहायचे आणि त्यानंतरच मिस्त्रींचा शेवटचा हप्ता द्यायचा.

झडप आणि चौकट यांच्यात किती फट ठेवायची यावरून घरोघर वाद होतात. एप्रिलमध्ये, लाकूड वर्षातले सर्वात कोरडे असताना, झडप कागद न जाईल इतकी घट्ट बसवली की जुलैत ती हमखास अडते. मग कोणीतरी वैतागून रंधा मारतो आणि जानेवारीत त्याच फटीतून गार वारा येतो तेव्हा लाकडी खिडकीला नावे ठेवतो. उन्हाळ्यात बसवताना चारही बाजूंना दोन मिलिमीटर सोडावे. पावसाळ्यात अडलेली झडप दिवाळीपर्यंत तशीच राहू द्यावी, बहुतेक वेळा ती आपली आपण मोकळी होते.

रंग खरवडताना एका गोष्टीची काळजी घेणे आवश्यक आहे आणि ती फारसे कोणी घेत नाही. पूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये शिसे असे. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशाला दशलक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा घालणारे नियम २०१६ चे आहेत आणि ते २०१७ पासून लागू झाले. याचा अर्थ जुन्या खिडकीवरचे चार-पाच थर शिसेयुक्त आहेत असे धरूनच चालावे. कोरडा पॉलिश कागद घासून घरभर धूळ करण्याऐवजी पृष्ठभाग ओला करून खरवडावे, खाली प्लास्टिक अंथरावे, तोंडाला चांगला मास्क बांधावा आणि लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना त्या दिवसांत तिकडे फिरकू देऊ नये. नंतर मेलामाइन मात्र लावू नये, ते घरातल्या कपाटांसाठी आहे. उन्हाने त्याचा पापुद्रा तडकतो आणि पाणी त्याच्या मागे जाऊन बसते. बाहेरच्या लाकडाला प्रायमरवर ऑइल पेंट द्यावा किंवा नुसते तेल पाजावे, आणि तेल असेल तर दर दिवाळीला पुन्हा हात द्यावा.

डास, धूळ आणि बाजीराव रस्त्यावरच्या वाहनांचा आवाज या तक्रारी मी हसण्यावारी नेत नाही, लोक खिडक्या बदलतात त्या मुख्यतः यांच्यासाठीच. पण डासांसाठी गजांच्या आतल्या बाजूला काढता-घालता येणारी जाळीची हलकी चौकट पुरते, आणि आवाजासाठी आतून आणखी एक काचेची झडप बसवता येते, जुन्या भिंतीची दोन-दोन फुटांची जाडी त्यासाठी आयती जागा देते. सरकती खिडकी सहसा निम्म्याहून जास्त उघडत नाही. वाड्याच्या खिडकीला खाली दोन आणि वर दोन अशा चार झडपा असतात त्या उगीच नव्हेत, खालच्या लावून घरचे उठणे-बसणे झाकले जाते आणि वरच्या उघड्या ठेवून वारा खेळता राहतो. ॲल्युमिनियममधून उष्णता लाकडाच्या हजारपटीहून अधिक वेगाने वाहते, आणि एप्रिलच्या दुपारी पश्चिमेच्या त्या पट्टीला हात लावून पाहिले की हा आकडा पाठ होतो. यूपीव्हीसीत तो दोष नाही, हे मान्य केलेच पाहिजे, आणि नव्या इमारतीतल्या सदनिकेत मीही कदाचित तेच बसवीन. परंतु त्याचा पाय सडत नसला तरी त्याला पायही जोडता येत नाही. चौकटच बिघडली की ती सबंध टाकावी लागते.

भाडेकरूंच्या अडचणीचा उल्लेख केल्याशिवाय पेठांतल्या खिडक्यांवर लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे दुरुस्ती हे मालकाचे कर्तव्य आहे. त्याने केली नाही तर किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू ती स्वतः करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. महिना ऐंशी रुपये भाडे असलेल्या खोलीत ही रक्कम वर्षाला दोनशे चाळीस रुपये होते. एवढ्यात बोहरी आळीत एक बरी पितळी बिजागरी आली तर आली. मालकाला खर्च करण्यात रस नाही, भाडेकरूला अधिकार असून उपयोग नाही, आणि दोघांच्या मध्ये खिडकी चौदा पावसाळे उघडीच लटकत राहते. यावर माझ्याकडे तोड नाही. पण अशा खोल्यांतून निदान गजांचे पाय आणि झडपेची खालची पट्टी एवढ्यावर दर दिवाळीला तेल फिरवावे, त्याला नोटीस लागत नाही.

महापालिकेकडे मात्र एक मागणी आहे. वाडा पाडण्याची परवानगी देताना त्यातील शाबूत दारे-खिडक्यांची मापांसह यादी घ्यावी आणि ती जाहीर करावी, म्हणजे ज्यांना दुरुस्तीसाठी त्याच काळचे लाकूड हवे आहे त्यांना ते सरळ मिळेल. आज तो माल रातोरात उचलला जातो. त्यातला थोडा रविवारी आणि बुधवारी जुन्या बाजारात दिसतो आणि पुष्कळसा कोणत्या तरी उपाहारगृहाच्या भिंतीवर आरशाची चौकट होऊन लटकतो. तिथे त्याच्यावर पाऊस पडत नाही, तेव्हा तो फार टिकेल, यात शंका नाही.

माझ्या वहीतली दुसरी गोष्ट मी शेवटी राखून ठेवली, कारण ती मलाही शेवटीच दिसली. पश्चिमेच्या खिडक्यांच्या नोंदी १९८७ पर्यंत बारा-तेरा वर्षांच्या अंतराने येतात आणि त्यानंतर सहा-सात वर्षांच्या. त्या साली आम्ही मंगळुरी कौले काढून पत्रा घातला, आणि पत्रा महाग म्हणून वळचण हातभर आखूड केली. गेल्या आठवड्यात मुद्दाम विश्रामबागवाड्यासमोर उभा राहून वर पाहिले. मे १८७९ च्या आगीची झळ त्या वास्तूने सोसली, पण दर्शनी सज्जा आजही उभा आहे आणि त्याच्या कोरीव लाकडावर पुढे आलेल्या छपराची सावली पडलेली आहे. मिस्त्रींना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग मला कशाला बोलावताय? आधी पत्रेवाल्याला बोलवा." त्याप्रमाणे वळचण दीड फूट पुढे काढण्याचे काम येत्या सोमवारी सुरू होत आहे, आणि चौथ्या खिडकीचे माप मिस्त्रींनी घेऊन ठेवले असले तरी ती तूर्त आहे तशीच राहणार आहे.

कळावे,
आपला नम्र,
नारायण पेठेतील एक वाचक,
पुणे ३०